सस्तन प्राणी विषारी आहे (किंवा होता) का, हे तपासायचं कसं

सस्तन प्राणी आणि विष म्हटलं की ऑस्ट्रेलियातला बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस आठवतो आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. पण दर थोड्या दिवसांनी एखादी बातमी फिरते, अमक्या देशात "विषारी सस्तन प्राण्याचा" जीवाश्म सापडला, किंवा "सगळे सस्तन प्राणी मुळात विषारीच होते" वगैरे, आणि लोक एकतर डोळे मिटून फॉरवर्ड करतात नाहीतर "काहीही" म्हणून सोडून देतात. दोन्हीची गरज नाही. असा दावा समोर आला की स्वतःच तपासता येतो, त्यासाठी पॅलिऑन्टॉलॉजीची, म्हणजे जीवाश्मशास्त्राची, डिग्री लागत नाही, थोडे नेमके प्रश्न विचारता आले पाहिजेत. ते कसे विचारायचे तेवढं सांगतो.

आधी हे बघा की आपण कुठल्या विषाबद्दल बोलतोय. खाल्लं किंवा हात लावला तर बाधणारं विष वेगळं, आणि प्राण्याने स्वतः जखम करून त्या जखमेतून आत सोडलेलं विष वेगळं. इथे फक्त दुसरं धरायचं. एवढ्यावरच बरेच दावे गळतात. पूर्व आफ्रिकेतला क्रेस्टेड रॅट नावाचा मोठा केसाळ उंदीर अ‍ॅकोकँथेरा नावाच्या झाडाची साल चावतो आणि ती विषारी थुंकी अंगावरच्या खास केसांना फासतो, त्याला चावणारा कुत्रा मरूही शकतो. जबरदस्त प्रकार आहे, पण ते विष झाडाचं, उंदीर नुसता वाहक. हेजहॉगसुद्धा बेडकाच्या कातडीवरचं विष तोंडात घेऊन फेस करून काट्यांना लावतो. हे दोघे आपल्या यादीत नाहीत.

मग तीन प्रश्न. विष तयार कुठे होतं, म्हणजे ग्रंथी दाखवा. ते जखमेपर्यंत जातं कसं, म्हणजे दात, काटा, खाच, नळी जे काय असेल ते दाखवा. आणि आत गेल्यावर दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात नेमकं काय बिघडवतं. जिवंत प्राण्याच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं मिळाली पाहिजेत, दोनच मिळाली तर "बहुतेक" म्हणा. जीवाश्माच्या बाबतीत तिसरं उत्तर कधीच मिळत नाही आणि पहिलं अर्धवट मिळतं, म्हणून तिथे गंमत होते. पण जीवाश्मांकडे थेट उडी मारू नका, आधी जिवंत प्राण्यांवर हात बसवा, नाहीतर दगडात काय शोधायचं तेच कळणार नाही.

प्लॅटिपसपासूनच सुरू करा, कारण त्याची केस सगळ्यात स्वच्छ आहे. नराच्या मागच्या पायाच्या घोट्याशी आतल्या बाजूला एक पोकळ काटा असतो, दीडेक सेंटीमीटरचा. मांडीच्या बाजूला ग्रंथी, तिथून नळी काट्यापर्यंत. माद्यांना लहानपणी काट्याचा अंश असतो, तो वर्षाच्या आत गळून जातो. ग्रंथी विणीच्या हंगामात फुगते, बाकी वर्षभर मंद. आता यावरून काय कळतं? हे विष शिकारीसाठी नाहीये, प्लॅटिपस तर पाण्यातले किडे आणि कोळंबीसारखे जीव खातो, त्याला विष कशाला. ते दुसऱ्या नरांशी भांडायला. माणसाला टोचलं तर जीव जात नाही पण दुखणं भयंकर, हात सुजतो, काही दिवस ते काही आठवडे टिकतं आणि मॉर्फिनचाही उपयोग होत नाही. म्हणजे तिन्ही उत्तरं मिळाली, वर "कशासाठी" हेही मिळालं. हा चौथा प्रश्न कायम विचारत जा, कारण विष बनवायला शरीराला खर्च येतो आणि उगाच कोणी तो खर्च करत नाही.

त्याच्या चुलतभावाकडे, एकिडनाकडे पण बघा, तोही अंडी घालणारा सस्तन प्राणी, मुंग्या-वाळवी खाणारा. त्यालाही काटा आहे, ग्रंथीही आहे. पण त्या ग्रंथीतून विणीच्या काळात जो मेणचट स्राव येतो तो बहुधा वासाने निरोप द्यायला वापरला जातो, विष म्हणून नाही. म्हणजे काटा आहे, ग्रंथी आहे, आणि तरी विषारी नाही! ही केस डोक्यात पक्की ठेवा, पुढे जीवाश्मांच्या वेळी हीच लागणार आहे.

चावून विष सोडणाऱ्यांमध्ये पहिला मान सोलेनोडॉनचा. कॅरिबियन समुद्रात क्यूबा आणि हिस्पॅनिओला (म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असलेलं बेट) इथे राहतो, किलोभर वजनाचा, लांब नाकाचा, जरा विचित्रच दिसतो. खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या पटाशीच्या दाताला आतून खोल खाच असते आणि जबड्याखालच्या लाळग्रंथीतून विष त्या दाताच्या मुळाशी येतं. सापाच्या दातासारखी बंद नळी नाही, उघडी खाच. दुसरा, उत्तर अमेरिकेतला शॉर्ट-टेल्ड श्रू, ब्लॅरिना. श्रू म्हणजे उंदरासारखा दिसणारा, टोकदार तोंडाचा, किडे खाणारा छोटा प्राणी. वजन वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास. याच्या दाताला नीट खाचही नाही, लाळ नुसती दातांच्या मधून जखमेत जाते. पण असर बघा, अळीला किंवा किड्याला हा चावला की तो किडा मरत नाही, लुळा पडतो, आणि श्रू त्याला बिळात साठवून ठेवतो, काही दिवस ताजं अन्न तयार. श्रूला सतत खावं लागतं, शरीराची भट्टी एवढी जोरात चालते की थोडे तास उपाशी राहिला तर संपला, त्यामुळे असला जिवंत साठा त्याच्या फायद्याचा आहे हे पटतं. युरोपातला वॉटर श्रू, निओमिस, तोही याच पंगतीतला.

इथे एक थांबा घेऊ, कारण प्रश्न येणारच, मग आपल्या घरातली चिचुंद्री? ती उंदीर नाही, श्रूच आहे, हे खरं. ती चावली की विष चढतं असं गावाकडे सर्रास ऐकू येतं. पण श्रूंमध्ये विषाचा पक्का पुरावा आहे तो ब्लॅरिना आणि निओमिस यांच्यासारख्या मोजक्यांचा, आपल्या चिचुंद्रीचा तसा पुरावा नाही. तिचा तो उग्र वास येतो तो अंगाच्या बाजूला असलेल्या ग्रंथींचा, त्याचा चावण्याशी संबंध नाही. नातेवाईक विषारी म्हणून हीही विषारी, असं गणित चालत नाही. चावली तर मात्र जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरला दाखवा, कोणताही सस्तन प्राणी चावला की हेच करायचं, भीती विषाची नाही, इन्फेक्शनची आणि रेबीजची असते. हळद-चुना-मंत्र वगैरे नको.

भारतात चावून विष सोडतो असं ठामपणे म्हणता येईल तो सस्तन प्राणी म्हणजे ईशान्येकडच्या जंगलातला बंगाल स्लो लोरिस, मोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा, माकडांचा दूरचा नातेवाईक. याची पद्धत अजबच आहे, कोपराच्या आतल्या बाजूला दंडावर ग्रंथी, तो हात डोक्यावर नेतो, ती ग्रंथी चाटतो, स्राव लाळेत मिसळतो आणि मग चावतो. ग्रंथीतल्या एका प्रोटीनचं मांजरीच्या अ‍ॅलर्जीला कारण असलेल्या प्रोटीनशी जवळचं साम्य आहे, त्यामुळे माणसाला चावल्यावर कधीकधी अ‍ॅलर्जीची गंभीर रिअ‍ॅक्शन येते. जावामध्ये अ‍ॅना नेकारिस यांच्या टीमने वर्षानुवर्षं लोरिस बघितले आणि २०२० मध्ये दाखवलं की हे विष मुख्यतः एकमेकांवरच वापरलं जातं, हद्दीसाठी आणि जोडीदारासाठी, चावलेल्याचं मांस अक्षरशः सडतं. म्हणजे पुन्हा प्लॅटिपसचीच गोष्ट, आपल्याच जातभाईंशी भांडण. दक्षिण भारतातला सडपातळ लोरिस वेगळा, त्याच्यावर हे सगळं आपोआप चिकटवू नका. आणि ते "गोंडस लोरिस हात वर करतोय" वाले व्हिडिओ, तो लाडात आलेला नसतो हो, घाबरलेला असतो.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांना यादीत घ्यायचं का यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे. मी घेतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तीन जाती, त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं ड्रॅक्युलिन आणि गोठलेली गाठ विरघळवणारं एक एन्झाइम असतं. ग्रंथी आहे, जखम आहे, परिणाम आहे, तर मग नाही का म्हणायचं? त्या एन्झाइमपासून डेस्मोटेप्लेस नावाचं स्ट्रोकचं औषध करायचा प्रयत्नही झाला, मोठ्या ट्रायलमध्ये ते चाललं नाही ते सोडा. आपल्याकडे जुन्या किल्ल्यांत, गुहांत, पडक्या देवळांत दिसणारं मोठ्या कानाचं फॉल्स व्हँपायर मात्र रक्त पीत नाही, ते किडे, बेडूक, उंदीर असलं खातं. नावाला भुलू नका.

आता जीवाश्म. इथे हाताशी फक्त हाडं आणि दात, ग्रंथी सडून गेलेली, विष तर नाहीच. म्हणून सगळा भार पडतो तो खाच, खड्डा, काटा यांवर, आणि इथेच घसरायला होतं.

उदाहरण घ्या बायसोनाल्व्हियसचं. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मिळालेला छोटा सस्तन प्राणी. २००५ मध्ये रिचर्ड फॉक्स आणि क्रेग स्कॉट यांनी नेचर या जर्नलमध्ये मांडलं की याच्या वरच्या सुळ्याला खोल खाच आहे, सोलेनोडॉनसारखी, म्हणजे हा विषारी असणार. पहिल्यांदा वाचलं की पटतंच. पण दोनच वर्षांत, २००७ मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी साधं काम केलं, आजच्या जिवंत प्राण्यांचे सुळे तपासले. आणि काय, बबूनच्या सुळ्यालाही खाच, अमेरिकेतल्या रॅकूनसारख्या कोआटीच्या सुळ्यालाही खाच, कोणाचा विषाशी काडीचा संबंध नाही! भिंतीवर पाइप दिसला म्हणून वर टाकीत पाणी आहेच असं थोडंच असतं. त्यामुळे नियम असा करा, दाताला खाच आहे एवढ्यावर कोणी विषारी म्हणत असेल तर पहिला प्रश्न विचारा की अशीच खाच असलेले बिनविषारी प्राणी किती आहेत. लेखकाने ते मोजलेलं नसेल तर दावा कच्चा.

याच्या उलट बेरेमेंडिया बघा, युरोपात हिमयुगाच्या काळात राहणारा मोठा श्रू. स्पेनमधल्या अतापुएर्काच्या गुहांत मिळालेल्या जबड्यांवरून ग्लोरिया क्वेन्का-बेस्कोस आणि जुआन रोफेस यांनी २००७ मध्ये तो विषारी असल्याचं मांडलं. इथेही पुरावा दाताचाच, पण वजन जास्त, कारण खाच खालच्या पटाशीच्या दाताला आहे, जिथे सोलेनोडॉनला असते तिथेच, आणि मुख्य म्हणजे हा श्रूंच्याच घरातला, ज्या घरात विष आहे हे आपल्याला जिवंत उदाहरणांवरून माहीत आहे. नातं आणि जागा दोन्ही जुळली की खाचेला अर्थ येतो. चिचुंद्रीच्या वेळी नुसतं नातं पुरलं नाही, बबूनच्या वेळी नुसती खाच पुरली नाही, हे जोडून बघा.

आणखी मागे जाऊ, सस्तन प्राणी जन्मायच्याही आधी. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातला युचेंबर्सिया, सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, छोट्या कुत्र्याएवढा. हा थेरोसेफेलियन, आपल्या पूर्वजांच्या जवळचा नातेवाईक, थेट पूर्वज नाही. रॉबर्ट ब्रूम यांनी १९३१ मध्ये त्याला नाव दिलं आणि दक्षिण आफ्रिकेतून त्याच्या दोनच कवट्या मिळाल्यात, एक लंडनला, एक जोहान्सबर्गला. त्याच्या वरच्या सुळ्यामागे गालाच्या हाडात मोठा खड्डा आहे, एवढा मोठा की कवटीचा फोटो पाहिला की डोळ्यात भरतो. लोकांनी म्हटलं ही विषग्रंथीची जागा. पुस्तकांत तर छापलंच गेलं की सुळ्याला खाच होती, वगैरे. २०१७ मध्ये जुलियन बेनोआ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कवट्यांचं सीटी स्कॅन केलं, आणि हे काम कसं करायचं याचा नमुना म्हणून ते वाचण्यासारखं आहे. त्यांना दिसलं की सुळ्याला खरी खाच नाही, कंगोरा आहे, म्हणजे छापील गोष्ट दुरुस्त करावी लागली. पण खड्ड्याच्या तळाशी नसांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वाटा येतात, म्हणजे तिथे काहीतरी जिवंत, रसरशीत अवयव होता, नुसती पोकळी नव्हती, आणि खड्ड्यातून तोंडाकडे, सुळ्याच्या दिशेने वाट उघडी होती. त्यांनी दुसऱ्या शक्यताही तपासल्या आणि मग म्हणाले की विषग्रंथी हाच सगळ्यात बरा अर्थ लागतो. बरा अर्थ, सिद्ध नव्हे. माझं मत विचाराल तर सस्तन प्राण्यांच्या जुन्या नात्यागोत्यात चावून विष सोडण्याची ही सगळ्यात चांगली केस आहे, पण दोन कवट्यांवर मी पैज लावणार नाही.

मग तो मोठा दावा, "सगळे सस्तन प्राणी मुळात विषारी होते". हा आला कुठून ते बघा म्हणजे फॉरवर्ड करताना हात थांबेल. २००६ मध्ये यॉर्न हुरुम, झे-शी लुओ आणि झोफिया किलान-यावोरोव्स्का यांनी एक पेपर लिहिला. किलान-यावोरोव्स्का म्हणजे गोबी वाळवंटातल्या पोलिश-मंगोलियन मोहिमा चालवणाऱ्या बाई, जुन्या सस्तन प्राण्यांवरचं त्यांचं काम फार मोठं आहे. त्यांनी दाखवलं की प्लॅटिपससारखा घोट्याजवळचा काटा एकट्या प्लॅटिपसचा नाही, डायनोसॉरच्या काळातल्या कितीतरी सस्तन प्राण्यांत तो दिसतो, चीनच्या लियाओनिंगमधलं झांगहेओथेरियम, गोबीकोनोडॉन, मल्टिट्यूबरक्युलेट नावाचे उंदरासारखे प्राणी. म्हणजे हा काटा जुन्या सस्तन प्राण्यांचा सामायिक वारसा असावा आणि आपल्या शाखेने, म्हणजे पिशवीवाले आणि वार (प्लॅसेंटा) असणारे सस्तन प्राणी यांनी, तो पुढे टाकून दिला. काट्यापर्यंत पुरावा भक्कम आहे. विषाचं काय? पेपरच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, फॉरवर्डमध्ये ते गळतं. जीवाश्मात टिकतो तो काट्याच्या बुडाचा हाडाचा भाग, वरचं शिंगासारखं टोक आणि त्यातली नळी टिकत नाही, ग्रंथी तर नाहीच. आणि एकिडना आठवतोय ना?

आता शेवटचं हत्यार, जीन्स, म्हणजे जनुकं. जिवंत प्राण्यांच्या बाबतीत कोणी म्हणालं की यांचं विष एकाच पूर्वजाकडून आलं, तर विचारा की विषातली प्रोटीन्स कुठल्या घराण्यातली आहेत. प्लॅटिपसची बरीचशी डिफेन्सिनमधून आली, म्हणजे मुळात जंतूंशी लढणारी प्रोटीन्स, त्यांच्या जीनच्या कॉप्या झाल्या आणि काही कॉप्या विषाच्या कामाला लागल्या. २००८ मध्ये प्लॅटिपसचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, आला तेव्हा दिसलं की सापांमध्येही अशाच प्रोटीनांपासून विष बनलंय, पण स्वतंत्रपणे. ब्लॅरिनाचं ब्लॅरिना टॉक्सिन, जपानी संशोधकांनी २००४ मध्ये वेगळं काढलेलं, ते कॅलिक्रीन घराण्यातलं. कॅलिक्रीन तुमच्या-माझ्या लाळेतही असतं, ते रक्तातल्या एका प्रोटीनचा तुकडा पाडून किनिन बनवतं आणि किनिनमुळे रक्तवाहिन्या सैल होतात. थोडं असलं तर रोजचं काम, जखमेतून ढीगभर गेलं तर ब्लडप्रेशर कोसळतं. २०१९ मध्ये सोलेनोडॉनचा जीनोम आणि विष तपासलं, तिथेही कॅलिक्रीनच निघालं. मग दोघांचं विष एकच का? नाही. दोघांच्या वाटा सात कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि अभ्यास सांगतो की श्रू-सोलेनोडॉनच्या गटात विष वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे आलं, तेच कच्चं सामान घरात पडलेलं होतं म्हणून तेच वापरलं गेलं. मेक्सिकोकडच्या विषारी हेलोडर्मा सरड्यानेही कॅलिक्रीनच उचललं, बोला.

२०२१ मध्ये ओकिनावाहून अग्नीश बरुआ आणि अलेक्झांडर मिखेयेव्ह यांनी दाखवलं की सापाच्या विषग्रंथीत जे जीन्स एकमेकांच्या साथीने चालतात, त्यांचं जाळं सस्तन प्राण्यांच्या लाळग्रंथीतही बऱ्यापैकी तसंच आहे. याच्यावर "माणूस उद्या विषारी होऊ शकतो" अशा हेडलाइनी आल्या, त्या बाजूला ठेवा. पाया समान आहे एवढंच त्याचं म्हणणं, पायावर इमारत चढायला लाखो वर्षं आणि काहीतरी कारण लागतं. दातांनी फाडून खाणाऱ्या, टोळीने शिकार करणाऱ्या प्राण्याला ते कारण सहसा मिळत नाही, म्हणून सस्तन प्राण्यांत विष इतकं कमी असावं असं मला वाटतं.

आपल्याकडचं काही आहे का, असं कोणी विचारेल. गडचिरोली आणि तेलंगणाच्या सीमेवर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात कोटा फॉर्मेशनचे जुरासिक खडक आहेत, तिथून कोटाथेरियमसारखे फार जुने सस्तन प्राणी मिळालेत. कोटाथेरियम ज्या सिमेट्रोडॉन्ट गटात टाकतात त्याच गटातलं झांगहेओथेरियम, काटेवालं. मोह होतो ना, पण कोटाथेरियम ओळखलं जातं ते दातांवरून, घोटा हातातच नाही. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये तेलंगणातल्या नस्कलला मिळालेल्या डेक्कनोलेस्टीसची घोट्याची हाडं मिळालीत, पण तो आपल्या शाखेकडचा, जिथे काटा आधीच गेलेला होता. त्यामुळे उद्या कोटा फॉर्मेशनमधून पायासकट सांगाडा निघाल्याची बातमी आली तर दातांचे फोटो सोडून आधी घोट्याचा क्लोज-अप शोधा, मागच्या पायाच्या आतल्या बाजूला एक जादा छोटं हाड दिसतंय का ते बघा. दिसलं तर "काटा होता" एवढंच लिहा.